गणिताची हमाली

गुणाकार स्वस्त झाला, ही गोष्ट अजून आपल्या लोकांच्या गळी उतरलेली नाही. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दीडकी घोकून मोठी झालेली माणसं घराघरांत आहेत. त्यांच्या लेखी गणित म्हणजे आकडेमोड आणि आकडेमोड म्हणजे डोकं. त्यामुळे मी प्रोसेसरची रचना करते म्हटलं की समोरच्याला वाटतं, ही बाई यंत्राकडून भराभर गुणाकार करून घेत असणार. खरं तर गुणाकाराकडे आम्ही दिवसचे दिवस ढुंकूनही बघत नाही. आमचा जीव जातो तो गुणायचे आकडे वेळेवर आणून पोचवण्यात.

चिपरचनेचे अभ्यासक मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली एका परिषदेत मांडलेले आकडे आमच्या धंद्यात बहुतेकांना पाठ आहेत. ४५ नॅनोमीटरच्या चिपवर ३२ बिटांचा एक अपूर्णांकी गुणाकार करायला साधारण ३.७ पिकोज्यूल ऊर्जा लागते. त्या गुणाकाराचे दोन्ही आकडे, म्हणजे ६४ बिट, बाहेरच्या डीरॅममधून, म्हणजे संगणकाच्या मुख्य मेमरीतून, आणायला लागते १,३०० ते २,६०० पिकोज्यूल. चार आण्यांच्या भाजीसाठी शंभर रुपयांची रिक्षा. तीही एकदा नाही, प्रत्येक गुणाकाराला. जॉन बॅकस यांनी १९७७ च्या, संगणकशास्त्रातल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधल्या या अरुंद नळीवर चांगलंच तोंडसुख घेतलं होतं. १९९५ मध्ये वुल्फ आणि मॅकी या दोघा संशोधकांनी, प्रोसेसर असेच वेगवान होत गेले तर एक दिवस ते मेमरीच्या भिंतीवर आपटणार, असं लिहून ठेवलं. आपटलेच.

माझे मामा आयुष्यभर गोव्याच्या नद्यांतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर होते. आमोण्याच्या धक्क्यावर खनिज भरायचं, मांडवीतून खाली यायचं, मुरगावला जहाजात रिकामं करायचं. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा बार, म्हणजे वाळूचा उंचवटा, ओलांडणं बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरायचं, तेही भरती-ओहोटी बघून. एका चवथीला सगळे जमलेले असताना मी त्यांना माझं काम समजावत होते. नीट ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे गो बाय, तू हिशेब करत नाहीस. हमाली करतेस."

"हमाली नाही मामा, हमालांची व्यवस्था."

"तेच ते. पगार जास्त, एवढाच फरक."

तेव्हापासून कोणालाही स्टॅक केलेली, म्हणजे चिपांवर चिपा रचून चळत केलेली मेमरी समजावायची झाली की मी मामांचा बार्ज काढते. खनिजाचा ट्रक दहा टनी आणि धूळ उडवत पळणारा, बार्ज रांगणारा. पण एका बार्जच्या पोटात शे-दीडशे ट्रकांचा माल मावतो. संध्याकाळी बंदरात कोणाचा ढीग मोठा, हे वेगावरून ठरत नाही. एचबीएम, म्हणजे हाय बँडविड्थ मेमरी म्हणतात ती अशीच आहे. २०१५ साली एएमडीच्या एका ग्राफिक्स कार्डावर ती पहिल्यांदा बाजारात आली. त्या वेळच्या नेहमीच्या ग्राफिक्स मेमरीची एकेक तार सेकंदाला सात-सात गिगाबिट पळवत होती. एचबीएमची तार जेमतेम एक गिगाबिट. पण तारा किती? एका चळतीला १,०२४, आणि कार्डावर चार चळती. ४,०९६ तारा मिळून सेकंदाला ५१२ गिगाबाइट.

एवढ्या तारा साध्या सर्किट बोर्डावरून नेता येत नाहीत, तिथे तेवढी दाटी जमतच नाही. म्हणून प्रोसेसर आणि मेमरी दोघांना सिलिकॉनच्याच एका पातळ पाटावर शेजारी-शेजारी बसवतात आणि तारा त्या पाटातून काढतात. मेमरीची चळत हा तर बघत राहावा असा प्रकार आहे. डीरॅमच्या चिपा मागून घासून पन्नासेक मायक्रोमीटरवर आणायच्या, म्हणजे केसापेक्षाही बारीक. चार किंवा आठ एकावर एक रचायच्या. सिलिकॉनला आरपार भोकं पाडून त्यांत धातू भरायचा आणि त्या खांबांतून वरच्या मजल्याचा माल तळमजल्यावर उतरवायचा. एवढं करून सगळी चळत पाऊण मिलिमीटरच्या आत. शेजारी प्रोसेसर तापत असतो, तो ताप हिलाही लागतो. डीरॅमला उष्णता सोसत नाही. ८५ अंशांच्या वर गेली की तिच्यातला भार लवकर गळतो आणि ६४ मिलिसेकंदांऐवजी दर ३२ मिलिसेकंदांनी ती ताजी करावी लागते. आमच्याकडे मे महिन्यात माणसांचंही तेच होतं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते.

फोंड्याहून पणजीला जाताना बाणस्तारीचा पूल लागतो. खाली जो वाहतो तो कुंभारजुव्याचा कालवा, मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा. समुद्राचं पाणी दोन तोंडांनी आत येतं, दोन्ही नद्यांतून वर चढतं आणि मध्ये या कालव्यात एकमेकांना भेटतं. भरती या नद्यांत पन्नासेक किलोमीटर आत जाते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी दाखवलेली त्यातली गंमत अशी की पहिले चाळीसेक किलोमीटर भरतीची उंची फारशी कमीच होत नाही. तळाचं घर्षण तिला खाली खेचतं, पण पात्र निमुळतं होत गेल्याने ती तितकीच वर रेटली जाते. शेवटच्या टप्प्यात मात्र झपकन मरते. पावसाळ्यात वरून पूर उतरत असताना हे पाणी कुठे किती चढेल हे काढायचं तर समीकरणं सोडवावी लागतात, आणि ती कागदावर सुटत नाहीत. नदीवर त्रिकोणांची जाळी पसरायची आणि प्रत्येक बिंदूला शेजाऱ्यांशी बांधून घ्यायचं.

समजा दहा लाख बिंदू घेतले. समीकरणांचा तक्ता झाला दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लाख कोटी घरांचा. पण एका बिंदूला शेजारी सरासरी सहाच. स्वतःला धरून एका ओळीत सात आकडे, बाकी सगळी शून्यं. अशा तक्त्याला आम्ही स्पार्स मॅट्रिक्स म्हणतो. शून्यं साठवायची नाहीत, खरे आकडे तेवढे ठेवायचे. ७० लाख आकडे, प्रत्येकी ८ बाइट, आणि हा आकडा कुठल्या स्तंभातला हे सांगणारी ४ बाइटची चिठ्ठी. मिळून ८४ मेगाबाइट. आजच्या हिशेबाने काहीच नाही, फोनमधल्या एखाद्या लग्नाच्या व्हिडिओएवढं.

दुखणं पुढे आहे. १९५२ साली हेस्टेनेस आणि श्टीफेल यांनी दिलेली कॉन्ज्युगेट ग्रेडियंट नावाची पद्धत वापरून उत्तराकडे पायरी-पायरीने जायचं, तर प्रत्येक पायरीला हा पूर्ण तक्ता मेमरीतून एकदा ओढून आणावा लागतो. आणलेल्या प्रत्येक आकड्यावर काम होतं ते एक गुणाकार आणि एक बेरीज. बस. बारा बाइट ओढून आणायचे आणि दोन क्रिया करून सोडून द्यायचे. काळाचं दहा सेकंदांचं एक पाऊल धरून महिनाभराच्या भरत्या काढायच्या तर २,५९,२०० पावलं. प्रत्येक पावलाला शंभर पायऱ्या धरा. नेहमीच्या संगणकातल्या डीडीआर४ मेमरीच्या एका चॅनेलवर, म्हणजे एका वाटेवर, सेकंदाला १९.२ गिगाबाइटच्या दराने, नुसत्या तक्त्याच्या ने-आणीत ३१ तास जातात. आमच्या कार्डावरच्या एचबीएमचा दर ४६० गिगाबाइट. तिथे तेच काम एक तास वीस मिनिटांत. गुणाकार करणारे भाग दोन्हीकडे तेच ठेवा, निम्मे करा, कोणाला कळणारही नाही. पूर येऊन गेल्यावर त्याचा अंदाज सांगणाऱ्या यंत्राचा उपयोग काय, हे आमच्या नदीकाठच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

मग एचबीएम लावली की झालं, असं वाटेल. जपानचा फुगाकू महासंगणक बघा. त्याच्या प्रत्येक प्रोसेसरला एचबीएम२ आहे. भरगच्च तक्त्यांच्या नेहमीच्या चाचणीत तो ४४२ पेटाफ्लॉप्स देतो; एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा कोटी कोटी क्रिया. आपल्या नदीसारख्या विरळ तक्त्यांच्या चाचणीत त्याच यंत्राचे होतात १६. आणि तरीही त्या दुसऱ्या यादीत तो कित्येक वर्षं अव्वल होता. बाकीच्यांचं काय होत असेल बघा.

इथे रीकॉन्फिगरेबल चिप कामाला येते, म्हणजे आतली जोडणी पुन्हा पुन्हा बदलता येणारी एफपीजीए. कल्पना जुनी आहे. जेराल्ड एस्ट्रिन यांनी १९६० मध्येच मांडलं होतं की अर्धा संगणक कायमचा ठेवा आणि अर्धा कामाप्रमाणे बदलता येईल असा करा. झायलिंक्सची पहिली अशी चिप १९८५ साली आली, तिच्यात लॉजिकचे ठोकळे अवघे ६४. आज लॉजिकचे दहा-बारा लाख बारके घटक एका चिपवर असतात आणि कोणाचं कोणाशी जोडायचं ते आपण ठरवतो. आणि भरतीच्या गणिताला तर असं यंत्र मुळीच नवं नाही. एडवर्ड रॉबर्ट्स यांनी १८७९ साली हिंदुस्थान सरकारसाठी भरतीचं भाकीत करणारं पितळी यंत्र उभं केलं. चंद्राची एक कप्पी, सूर्याची एक कप्पी, अशा वीस, पुढे चोवीस. बंदर बदललं की कप्प्यांचे हेलकावे आणि कोन बदलायचे, दांडा फिरवायचा, वर्षभराच्या भरत्या कागदावर उमटत जायच्या. एस्ट्रिन यांनी ते पाहिलं असतं तर त्यांना हेवा वाटला असता.

एफपीजीएचा खरा फायदा मला वेगात दिसत नाही. तिचा क्लॉक, म्हणजे कामाचा ठोका, ग्राफिक्स चिपच्या मानाने मंदच असतो, आणि ग्राफिक्स चिपलाही एचबीएम असतेच. फायदा आहे तो आकड्याचा आकार आपण ठरवण्यात. स्तंभाच्या चिठ्ठीला नेहमीचा प्रोसेसर ३२ बिट देतो, कारण त्याच्याकडे तेवढंच माप आहे. दहा लाख स्तंभ मोजायला २० बिट पुरतात; दोनचा विसावा घात १०,४८,५७६. खुद्द आकड्याला ६४ बिट कशाला? ४४ ठेवले तरी दहा सार्थ अंक मिळतात. नदीच्या तळाची खोली आपल्याला कुठे दहा अंकांपर्यंत माहीत आहे! एका पावसाळ्यात तो तळ वीतभर सरकतो. पायऱ्या-पायऱ्यांनी साचत जाणाऱ्या बेरजा तेवढ्या पूर्ण ६४ बिटांत करायच्या, तिथे कंजुषी अंगाशी येते. २० आणि ४४ मिळून ६४. मेमरीच्या ५१२ बिटांच्या एका घासात बरोबर आठ आकडे बसतात, आधी पाच आणि एक अर्धवट बसत होते. ३१ तासांचे जे एक तास वीस मिनिटं झाले होते, ते आणखी एक-तृतीयांश उतरले, नवीन काहीही विकत न घेता. हा हिशेब पहिल्यांदा कागदावर जुळला तेव्हा मला प्रोसेसरच्या कुठल्याही नव्या पिढीपेक्षा जास्त आनंद झाला होता.

५१२ बिट का, तर चिप बनवणाऱ्यांनी दिलेला मेमरीचा चॅनेल २५६ बिटांचा आणि ४५० मेगाहर्ट्झचा असतो. आपलं लॉजिक त्या वेगाला आणायचं म्हणजे रोज रात्री देव पाण्यात ठेवायचे. त्यापेक्षा क्लॉक निम्मा, २२५, आणि रुंदी दुप्पट. मामांचाच हिशेब.

आता असे ३२ चॅनेल, प्रत्येकातून एका ठोक्याला आठ आकडे. ठोक्याला २५६ आकडे दाराशी येऊन उभे राहतात, आणि प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, मला अमुक क्रमांकाच्या बिंदूची पाण्याची उंची द्या, मग मी गुणाकार करतो. त्या उंच्यांची यादी ८ मेगाबाइटची. ती चिपच्या पोटातल्या जलद मेमरीत सहज मावते, पण मावणं वेगळं आणि एका ठोक्याला २५६ जणांना उत्तर देणं वेगळं. त्या मेमरीच्या एकेका ठोकळ्यात ४,०९६ उंच्या बसतात आणि त्याला दारं दोनच. दहा जण एकाच ठोकळ्याशी आले की आठ जण ताटकळले. कोणीही कोणत्याही दाराशी जाऊ शकेल असा २५६ बाय २५६ चा चौक बांधायला जाल तर निम्मी चिप तारांतच संपते. वर एचबीएम चिपच्या एकाच कडेला चिकटलेली, त्यामुळे सगळ्यांनाच त्या कडेला जागा हवी असते, मार्केटातल्या कोपऱ्यावरच्या दुकानासारखी. आराखडा मांडणारं सॉफ्टवेअर तासन्‌तास मांडणी करत बसतं आणि पहाटे कळवतं की अमुक तार ठोक्याच्या आत पोचत नाही, टायमिंग उणे ०.३ नॅनोसेकंद. जुलै महिना असेल आणि मध्येच वीज गेली असेल तर तेही कळवत नाही.

यातून वाट नदीनेच काढून दिली, असं मी मानते. मांडवी आणि जुवारी, दोन्ही लांबट आणि अरुंद आहेत. त्यांचे मिळून आडवे ३२ तुकडे पाडले तर प्रत्येकात ३१,२५० बिंदू येतात आणि शेजारच्या तुकड्याशी संबंध येतो तो फक्त कापलेल्या रेषेवरच्या थोड्या बिंदूंचा. मग प्रत्येक तुकडा एका चॅनेलला देऊन टाकायचा. त्याचा तक्ता त्याच्याच चॅनेलच्या मेमरीत, त्याच्या पाण्याच्या उंच्या त्याच्याच बाजूच्या ठोकळ्यांत. ३१,२५० उंच्यांना आठ ठोकळे लागतात. चिपवर एकूण ९६० आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीस. त्यामुळे त्याच यादीच्या तीन-तीन प्रती ठेवता येतात आणि आठ गिऱ्हाइकांना ४८ दारं मिळतात. चौक बांधायची गरजच उरत नाही. एका फेरीच्या शेवटी सीमेवरच्या उंच्या शेजाऱ्याला कळवल्या की झालं. कुंभारजुव्याचा कालवा मध्ये आडवा येतो, त्याने दूरचे दोन तुकडे एकमेकांचे शेजारी होतात, पण तिथे पात्र चिंचोळं आहे, पाचपंचवीस आकड्यांची देवाणघेवाण. दुसरी नदी घेतली तर चिप पुन्हा बांधावी लागत नाही, तुकड्यांचे तक्ते बदलले की पुरतं. गणिताची जातच बदलली तर मात्र बिटस्ट्रीम, म्हणजे चिपची जोडणी सांगणारी फाइल, नवी. एखाद्या लाटेतले वेगवेगळे सूर वेगळे काढणाऱ्या फूरिए रूपांतराचं घ्या. कूली आणि टूकी यांची १९६५ ची पद्धत प्रत्येक टप्प्याला शेजारी बदलते, आधी लगतचा, मग दोन घरांवरचा, मग चार. तिथे नदीचे तुकडे काय कामाचे!

दामोदर धर्मानंद कोसंबी आमच्या कोसंबे गावचे, जन्म १९०७. इतिहासकार म्हणून मराठी वाचकांना ते माहीत असतात. गणिती कोसंबी गोव्यातसुद्धा फार कमी जणांना माहीत आहेत. १९४३ च्या त्यांच्या एका लेखात एक पद्धत आहे: गोंधळाच्या वाटणाऱ्या मोठ्या मापन-राशीतून मोजके मूळ आकार वेगळे काढायचे, असे की थोडक्यांच्या बेरजेत जवळजवळ सगळं यावं. पुढे १९४७-४८ मध्ये कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तेच मांडलं आणि जगात नाव त्या दोघांचं पडलं. समुद्राच्या तापमानाची वर्षानुवर्षांची मापं घेऊन बसणारे अभ्यासक आज हीच पद्धत वेगळ्या नावाने रोज वापरतात. यातला तक्ता भरगच्च असतो, एकही शून्य नाही. तक्त्याला तक्त्याने गुणायचं म्हणजे एकदा आणलेला आकडा हजारो वेळा वापरात येतो, आणि मग आणण्याचा खर्च जाणवतच नाही. असं काम कुठलीही ग्राफिक्स चिप हसत करते. तिथे एफपीजीए घेऊन जाणाऱ्याला मी तरी परत पाठवीन. आमच्या धंद्यात प्रत्येक गणितावर आपलंच हत्यार चालवायची खोड आहे, परिषदांतले निम्मे लेख त्यापायी लिहिले जातात.

इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मी नेहमी विचारते, प्रोजेक्टला चेहरा ओळखणारं काहीतरी कशाला घेता? ते जगात सगळे करतात. बेंगळुरूला जाईपर्यंत हार्डवेअरला हात लावायचा नाही, असंही काही नाही. एचबीएमवाली एफपीजीए २०२४ च्या अखेरीपासून ॲमेझॉनच्या क्लाउडवर तासाच्या भाड्याने मिळते, १६ गिगाबाइट मेमरीची. नदी तर दारातच आहे. मुलं मान डोलावतात. एखादी मागाहून येऊन विचारते, मॅडम, पण यात एआय कुठे आहे?

माझं घोडं सध्या आग्वादच्या तोंडाशी अडलंय. तिथे नदी नदीसारखी राहत नाही, खाडी पसरते, आणि आडव्या तुकड्यांच्या सीमा एकदम लांब होतात. त्या दोन-तीन चॅनेलना शेजाऱ्यांना कळवायच्या उंच्या इतक्या जास्त, की बाकीचे चॅनेल आपलं काम आटोपून त्यांची वाट बघत बसतात. खाडीचे चौकोनी तुकडे पाडले तर सीमा कमी होते, पण मग एकेकाला दोनाऐवजी चार शेजारी होतात आणि त्यांच्या तारा पुन्हा त्याच गर्दीच्या कडेला येऊन मिळतात. दुसरा उपाय म्हणजे खाडीवाल्या चॅनेलना बिंदूच कमी द्यायचे आणि वरच्या बाजूला, उसगावाकडच्या अरुंद पात्रातल्या चॅनेलना जास्त. त्याने त्यांच्या आठाच्या जागी नऊ-दहा ठोकळे लागतील. तीन प्रती ठेवल्या तरी ते तिसात बसतं, मी मोजून पाहिलंय. आता टायमिंग काय म्हणतं ते बघायचं.